अच्छाडच्या अलीकडे, भिलाडच्या पलीकडे

भिवंडीत एवढी गोदामे का, हा प्रश्न भिवंडीत कुणी विचारत नाही. मानकोली, दापोडे, राहनाळ, पूर्णा, काल्हेर या गावांतून जाताना दोन्ही बाजूंना पत्र्याच्या शेडी संपता संपत नाहीत. इथे समुद्र नाही, रेल्वेचे मोठे जंक्शन नाही. कारण दडले आहे ते मुंबईच्या जकातीत. मुंबई महापालिकेच्या हद्दीत माल शिरला की दहिसर, मुलुंड, ऐरोली, मानखुर्दच्या नाक्यांवर जकात भरावी लागे. मग जो माल आज विकायचा नाही, तो आज हद्दीत आणायचाच कशाला? तो हद्दीबाहेर, पण हाकेच्या अंतरावर ठेवायचा आणि गिऱ्हाईक आले की टेम्पोने आत सोडायचा. ग्रामपंचायतीची हद्द, स्वस्त जमीन, जवळून जाणारा महामार्ग. एका शहराच्या कराने दुसऱ्याच तालुक्यात धंदा उभा केला.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. महापालिकेला त्यातून वर्षाला सात हजार कोटींच्या आसपास मिळत होते, ते आता राज्य सरकारच्या भरपाईतून येतात. जकात गेली म्हणजे गोदामेही ओस पडतील असे वाटू शकते. झाले उलटेच. पूर्वी परराज्यात माल विकला की केंद्रीय विक्रीकर लागे, म्हणून कंपन्या प्रत्येक राज्यात स्वतःचे एकेक गोदाम ठेवत, विक्री न दाखवता माल तिकडे हलवत आणि तिथून विकत. जीएसटीत ती गरज उरली नाही. छोटी गोदामे मिटवून मोठी बांधायची झाली तेव्हा जागा, रस्ते, हमाल, ट्रान्सपोर्टवाले सगळे आयते होते ते भिवंडीतच. ज्या कराने गाव वसवले तो कर गेला, गाव राहिले. पुढच्या सगळ्या रस्त्यावर मला हेच पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या रूपात दिसत गेले.

मी निघालो होतो सिल्वासाला, एका आयशर ट्रकमधून. मागे रिकाम्या पुठ्ठ्याच्या नळ्यांची पोती होती. या नळ्यांवर सूत गुंडाळून सिल्वासाहून भिवंडीच्या यंत्रमागांना येते आणि रिकाम्या झाल्या की परत जातात. चालक पाथर्डीचा, पन्नाशीचा. "सर, पुढं बसा, पण पाय वर घ्या, तिथं जॅक आहे," एवढे बोलून त्याने गाडी काढली.

अंजूरफाट्यावरून चिंचोटीकडे जाणारा रस्ता हा या प्रवासातला सर्वात छोटा आणि सर्वात लांब भाग. खड्डा चुकवायला डावीकडे घ्यावे तर समोरून कंटेनर, उजवीकडे घ्यावे तर कडेला पंक्चर झालेला टेम्पो. चालकाने इथे दुसऱ्या गिअरच्या वर गाडी नेलीच नाही. "पाटा तुटला की गेला दिवस," तो म्हणाला. स्प्रिंगचा पाटा. तुटला तर गाडी उभी करायची, गॅरेजवाला शोधायचा, पोती दुसऱ्या गाडीत भरायची. हा खर्च कुठल्याही अंदाजपत्रकात कर म्हणून दाखवलेला नसतो, पण भाड्यात तो बरोबर येऊन बसतो. भिवंडी ते सिल्वासा हे दीडशे किलोमीटरच्या आसपासचे अंतर. चालकाच्या हिशेबात मात्र ते किलोमीटरमध्ये नसतेच. चिंचोटीपर्यंत इतका वेळ, खानिवड्याच्या टोलपर्यंत इतका, मनोरला जेवण, चारोटीचा टोल, तलासरी, मग 'बॉर्डर'.

महामार्गाला लागलो. पूर्वीचा आठ नंबर, आता अठ्ठेचाळीस. डांबरावर काँक्रीटचा थर चढवण्याचे काम या रस्त्यावर झाले, त्या काळातल्या कोंडीच्या कहाण्या प्रत्येक ढाब्यावर ऐकायला मिळतात. फास्टॅग २०२१ च्या फेब्रुवारीत सक्तीचा झाल्यापासून टोलवरचे थांबणे कमी झाले आहे, सुट्ट्या पैशांची भांडणे तर संपलीच. मनोरहून एक फाटा पालघर-बोईसरकडे जातो. तिकडे तारापूर. देशातले पहिले अणुवीज केंद्र तिथे १९६९ साली सुरू झाले आणि शेजारी एमआयडीसीची मोठी वसाहत आहे. एमआयडीसीची स्थापना १९६२ ची, गुजरातच्या जीआयडीसीचीही १९६२ चीच. मुंबई राज्य १ मे १९६० ला दुभंगल्यावर दोन्ही भावंडांनी लगोलग तेच दुकान मांडले. जमीन घ्या, रस्ते-पाणी-वीज आणा, भूखंड पाडा आणि कारखानदाराला बोलवा.

तलासरी सोडले की रस्त्याच्या कडेच्या पाट्यांवर गुजराती अक्षरे दिसू लागतात. अच्छाडला महाराष्ट्र संपतो, भिलाडला गुजरात सुरू झालेला असतो. ही सीमा तशी अलीकडची. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्यातली गावे १९६० मध्ये गुजरातकडे गेली. घरांची ठेवण, माणसांची चेहरेपट्टी, वारली बोली, यांपैकी काहीच सीमेवर बदलत नाही. बदलतात ते कर.

"इथं रात्र काढायचो," चालक म्हणाला. बाहेर बघण्यासारखे काही नव्हते, रुंद झालेला डांबरी पट्टा आणि टपऱ्या. नाक्याच्या दिवसांत इथे ट्रकची रांग लागे. एका खिडकीवर विक्रीकराचे कागद, दुसरीकडे आरटीओ, वजनकाटा. महाराष्ट्राचे झाले की थोड्या अंतरावर गुजरातचे तेच. कागद पुरे असले तरी रांग चुकत नसे, आणि कागदात एखादा शिक्का कमी पडला तर काय करायचे हे ट्रकवाल्यांना कुणी शिकवावे लागत नसे. त्या रांगेवर टपऱ्या चालत, पंक्चरवाले चालत. गुजरातने जकात २००७ मध्ये काढली आणि आरटीओचे नाके २०१९ मध्ये. महाराष्ट्राने सगळी खाती एका छताखाली आणायला दापचरीला भलामोठा एकात्मिक तपासणी नाका बांधला, आणि मग जीएसटीने त्यातले विक्रीकराचे कामच काढून घेतले. आता पन्नास हजारांहून जास्त किमतीच्या मालाला ई-वे बिल लागते, ते चालकाच्या मोबाइलवर असते आणि दर दोनशे किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने त्याची मुदत ठरते. जीएसटीवर बरे-वाईट पुष्कळ बोलता येईल, दरांच्या पायऱ्यांची आणि विवरणपत्रांची थट्टाही रास्तच आहे. पण अच्छाडच्या त्या रिकाम्या जागेवर उभे राहून त्याला नावे ठेवणे मला जमले नाही.

सीमेचा एक कर मात्र अजून डोळ्यांना दिसतो. दारू आणि पेट्रोल-डिझेल जीएसटीच्या बाहेर आहेत, त्यांच्यावर राज्यांचा हात मोकळा आहे. गुजरातच्या हद्दीतले पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा बरेच स्वस्त, म्हणून भिलाडकडच्या पंपांवर पालघरच्या नंबरच्या मोटारी आणि दुचाकी दिसतात. आमचा ट्रक मात्र सरळ पुढे गेला. डिझेलच्या भावात आता तेवढे अंतर राहिलेले नाही, त्यासाठी वळण घेणे चालकाला परवडत नाही. गुजरातेत दारूबंदी, शेजारच्या दमणमध्ये दारू स्वस्त. शनिवारच्या संध्याकाळी वापी-दमण रस्त्यावरची गर्दी त्याचीच.

भिलाडहून उजवीकडे वळले की नरोली, आणि तिथे पुन्हा हद्द बदलते, केंद्रशासित प्रदेश लागतो. दादरा आणि नगर हवेली. पाचशे चौरस किलोमीटरही न भरणारा हा प्रदेश पोर्तुगिजांकडून सुटला तो १९५४ मध्ये, गोव्याच्या सात वर्षे आधी. सुटला म्हणण्यापेक्षा सोडवला. त्या मोहिमेत गायक-संगीतकार सुधीर फडके होते, तरुण बाबासाहेब पुरंदरे होते. १९६१ पर्यंत इथला कारभार स्थानिक वरिष्ठ पंचायत चालवत होती, आणि भारतात विलीन होण्याच्या करारावर सही करायला अधिकृत प्रमुख हवा म्हणून भारतीय प्रशासन सेवेतल्या के. जी. बदलानी यांना एका दिवसाचे पंतप्रधान करण्यात आले.

जंगल, वारली-कोकणा-धोडिया वस्ती, थोडी भातशेती. अशा ठिकाणी कारखाने यावेत म्हणून दिल्लीने जुनेच आमिष दाखवले. नव्या कारखान्याला पंधरा वर्षे विक्रीकर माफ, शिवाय मागास भागासाठीची आयकराची सूट. कागदावर हे मागास भागाचे धोरण होते. नकाशावर बघितले तर हा मागास भाग मुंबईहून ट्रकने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर होता. सुताच्या धंद्यात नफ्याची टक्केवारी आधीच बारीक. परराज्यातल्या विक्रीवर चार टक्के केंद्रीय विक्रीकर लागत होता त्या काळात ज्याला तो माफ, त्याने बाकीच्यांपेक्षा स्वस्तात विकावे आणि तरी जास्त कमवावे. पॉलिएस्टर सुताचे टेक्श्चरायझिंग करणारे कारखाने सिल्वासात गोळा झाले ते असे. आमली, मसाट, पिपरिया, राखोली, खडोली, जिकडे बघावे तिकडे शेडी.

नळ्या उतरवायच्या होत्या त्या कारखान्याचे मालक मराठी. मूळ सांगलीकडचे, वाढले लालबागला, वडील गिरणीत. १९८२ च्या संपानंतर वडिलांची नोकरी गेली, आणि काही वर्षांनी मुलाने भाड्याच्या गाळ्यात एक जुने यंत्र घेऊन इथे सुरुवात केली. आता सत्तरी जवळ आली आहे, सगळे कामगार त्यांना काका म्हणतात, मीही म्हणू लागलो.

"काका, सवलत नसती तर आला असता इथे?"

"खुळा की काय तू?" ते म्हणाले. "रस्त्याला दिवा नव्हता. फोन लावायला वापीला जायचो. आलो ते करासाठीच."

"मग मुदत संपल्यावर गेला का नाहीत?"

त्यांनी उत्तर न देता मला शेडमध्ये नेले.

टेक्श्चरायझिंगचे यंत्र म्हणजे दोन मजली उंचीचा लोखंडी सांगाडा. एका बाजूला दोनशेहून अधिक रिळांवर सपाट, चकचकीत धागा. तो वर जातो, दोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या लांब हीटरमधून जातो, फिरत्या चकत्यांमध्ये पीळ खातो, थंड होतो, आणि खाली दुसऱ्या नळीवर गुंडाळला जातो तेव्हा त्याला लोकरीसारखा फुगीरपणा आलेला असतो. आवाज एवढा की बोलायचे झाले तर कानाशी तोंड न्यावे लागते. काकांनी एका जागी बोट दाखवले. एक मुलगा तुटलेला धागा हवेच्या बंदुकीने ओढून हीटरवरून, चकत्यांमधून परत ओवत होता. सवयीचा हात, तरी मिनिट-दीड मिनिट गेले.

बाहेर आल्यावर काका म्हणाले, "एक धागा तुटला तर एवढं. आता समज, लाईट क्षणभर गेली. पूर्ण जायलाच पाहिजे असं नाही, नुसता झटका. सगळे धागे एकदम तुटतात. हीटरवर प्लास्टिक चिकटतं, ते पुसायचं. मग एकेक ओवायचा. पाळी गेली. जो माल निघतो तो दुय्यम दर्जाचा. मला युनिटला दोन रुपये जास्त लाव, मी ओरडेन आणि भरेन. पण झटका नको."

इथली वीज स्वस्त आहे आणि झटके कमी, म्हणून ते राहिले. ही स्वस्ताई कुणाच्या शहाणपणाने आलेली नाही, ती इथल्या वस्तीच्या घडणीतून आली आहे. दादरा-नगर हवेलीत विजेचा बहुतेक सगळा खप कारखान्यांचा. शेतीपंप नावाला, घरगुती ग्राहक थोडे. त्यामुळे कारखान्याच्या बिलातून दुसऱ्या कुणाचे बिल भरायची वेळ फारशी येत नाही, आणि दाट वसलेल्या कारखान्यांना जाड तारेने वीज द्यायची तर गळतीही कमी. महाराष्ट्रात नेमके उलटे. लाखो शेतीपंप, त्यांची थकबाकी, लांबच लांब तारा. शेतकऱ्याला कमी दराने दिलेल्या विजेची तूट काही अंशी सरकारी अनुदानातून आणि काही अंशी औद्योगिक दरातून भरली जाते. 'महाराष्ट्रात वीज महाग' अशी तक्रार कारखानदारांच्या प्रत्येक सभेत होते आणि ती खरी आहे. पण मराठवाड्यातल्या विहिरीवरच्या पंपाला सिल्वासाशी तुलना कशी समजवायची, ते त्या सभेत कुणी सांगत नाही.

गुजरातशी तुलना मात्र टाळता येत नाही, तिथेही शेती आहेच. तिथे २००३ पासून ज्योतिग्राम योजनेत गावाची आणि शेतीपंपांची वीजवाहिनी वेगळी केली. पंपांना ठरावीक तास, गावाला आणि गावातल्या छोट्या उद्योगाला दिवसभर तीन फेज. तेव्हा महाराष्ट्रात काय चालले होते हे सांगायला नको. दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाचे तीनतेरा वाजले होते आणि भारनियमनाचे वेळापत्रक वर्तमानपत्रात छापून येत होते. वेळापत्रक पाळले जाईल तर तेही एक वेळ चालले असते. काका म्हणतात त्या काळात भिवंडीतले त्यांचे गिऱ्हाईक माग बंद म्हणून सूत उचलत नसे, आणि इकडे यंत्र चालू म्हणून माल साठत जाई. मग २००७ मध्ये भिवंडीचे वीजवितरण महावितरणने अहमदाबादच्या टोरंट कंपनीला चालवायला दिले. वितरणाचा असा फ्रँचायझी प्रयोग देशात तो पहिलाच म्हटला जातो. गळती उतरली, बिलांवरून मोर्चेही निघाले. २०२२ च्या एप्रिलपासून दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवचे वीजवितरणही त्याच कंपनीकडे आहे. म्हणजे सूत बनते तिथे आणि विणले जाते तिथे, दोन्हीकडे बिल पाठवणारा एकच.

दुपारी काकांच्या मुलाने वापी दाखवायला नेले. वापीची वसाहत साठच्या दशकाच्या उत्तरार्धातली. रंग, रसायने, कागद, औषधे. मुंबईच्या रंग-रसायनवाल्यांनी ती भरली, आणि त्यात महाराष्ट्राच्या धोरणाचाही हातभार आहे. १९६४ पासून महाराष्ट्राची सामूहिक प्रोत्साहन योजना सांगत होती की मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यात सवलत नाही, लांब जा, मागास तालुक्यात जा, तिथे देऊ. हेतू चांगला होता आणि औरंगाबादसारख्या ठिकाणी त्याला फळही आले. पण मुंबईत जागा न उरलेल्या रंगवाल्यापुढे दोन रस्ते होते. एक घाट चढून मराठवाड्यात, दुसरा सपाट महामार्गाने १७० किलोमीटरवर, जिथून संध्याकाळच्या गाडीने मुंबईला परत येता येते. बऱ्याच जणांनी दुसरा धरला. काळबादेवीची पेढी मुंबईतच राहिली, बँक मुंबईतच, माल न्हावाशेवा बंदरातूनच. शेड तेवढी गुजरातेत.

त्याची किंमतही दिसते. वसाहतीत शिरल्यावर आधी डोळे चुरचुरतात, मग वास कळतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये औद्योगिक पट्ट्यांचे प्रदूषण मोजून गुण दिले तेव्हा अंकलेश्वरच्या पाठोपाठ वापीचा नंबर होता. महाराष्ट्रातल्या वाचकाने यावर सुस्कारा सोडू नये. २०१८ च्या यादीत ९३.६९ गुण घेऊन देशात पहिले आले ते आपले तारापूर. करसवलतींची चढाओढ सगळ्यांना दिसते. नाल्यात काय सोडू देतो याची चढाओढ कुठल्याही गुंतवणूक परिषदेच्या फलकावर नसते, पण ती या रस्त्याच्या दोन्ही टोकांना झाली आहे.

चढाओढीने राज्यांचीच झोळी फाटते हे राज्यांनाही उमगले होते. १९९९ च्या नोव्हेंबरात मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत ठरले की विक्रीकराच्या नव्या सवलती बंद करायच्या आणि करांचे किमान दर ठेवायचे. मग २००५ मध्ये व्हॅट, २०१७ मध्ये जीएसटी. जीएसटी माल जिथे खपतो तिथल्या राज्याला मिळतो, बनतो तिथल्या नाही. त्यामुळे कर माफ करण्याची जुनी जादू संपली. तरी राज्ये थांबली नाहीत, रूप बदलले. आता कारखान्याने आधी कर भरायचा आणि राज्याने आपल्या वाट्यातला काही भाग वर्षावर्षांनी परत करायचा. काकांचा मुलगा हिशेबनीस आहे, तो यावर हसला. "माफी होती तेव्हा पैसा खिशात राहायचा. आता पैसा सरकारकडे आणि फाइल माझ्याकडे."

त्याच्यापुढे सध्या एक निर्णय आहे. आणखी दोन यंत्रे घ्यायची आहेत आणि सिल्वासाच्या शेडमध्ये जागा नाही. त्याने वहीत तीन रकाने पाडले होते. सिल्वासा, उंबरगाव, बोईसर. जमिनीचा भाव, विजेचा दर, युनिटमागे शुल्क, कामगार, परतावा. बोईसरच्या रकान्यात विजेपाशी आकडा लाल होता. पण त्याच रकान्यात खाली 'वाढवण' असे लिहून पुढे प्रश्नचिन्ह केले होते. डहाणूजवळच्या वाढवण बंदराला केंद्राने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली, खर्च ७६,२२० कोटी, त्यात महाराष्ट्र सागरी मंडळाचा वाटा २६ टक्के. किनाऱ्यावरचे मच्छीमार वर्षानुवर्षे या बंदराच्या विरोधात उभे आहेत, आणि डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला आहे. मुलाला त्या वादात शिरायचे नव्हते. त्याला एवढेच हवे होते की बंदर झाले तर घोडबंदरची कोंडी न लागता कंटेनर जहाजावर पोचेल का.

"बंदर होईल तेव्हा होईल," काका म्हणाले. "बोईसरला सबस्टेशन कुठंय ते बघून ये आधी. आणि रात्री जा. दिवसा सगळीकडे लाईट असते."

खाली ट्रक भरून झाला होता. चालक ताडपत्री आवळत होता आणि मुलगा मोबाइलवर ई-वे बिल काढत होता. मुदत दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत. दीडशे किलोमीटरला ती भरपूर, चिंचोटीचा रस्ता धरूनही.